वीज घालून तेल काढायचं, मग ती वीजच का नाही वापरायची?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. मी अल्बर्टात, कॅनडात, जमिनीखालचं तेल विजेनं तापवायच्या कामात आहे असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "वीज खर्चून तेल काढायचं आणि ते गाडीत जाळायचं, त्यापेक्षा सरळ विजेवरच गाडी चालवा की!"

प्रश्न रास्त आहे. आधी हिशेब मांडू.

अल्बर्टातल्या अथाबास्का भागातलं तेल म्हणजे वाळूत मुरलेलं डांबर. साठ्याचं तापमान दहा अंशांच्या आसपास, त्यामुळे ते जागचं हलत नाही. थंडीत थिजलेली खोबरेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो, तसं याला तिथेच खाली ऊब द्यावी लागते. एक घनमीटर तेलवाळू ८० अंशांनी तापवायला ढोबळमानानं ५५ युनिट वीज लागते आणि तेवढ्या वाळूतून साधारण एक पिंप तेल निघू शकतं. आजूबाजूचा खडकही तापतो, म्हणून शंभर युनिट धरा. त्या एका पिंपात सुमारे १,७०० युनिट उष्णता असते. गाडीच्या इंजिनात तिचा तीन चतुर्थांश भाग वाया गेला, तरी घातलेल्या विजेच्या चौपट काम हाती येतं.

आता वीज तापवते कशी? डांबरातून ती वाहत नाही. पण वाळूच्या प्रत्येक कणाभोवती खारट पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यातून वाहते आणि तो पापुद्राच तापतो. मला या कामाची ओढ लागली ती इथेच. निसर्गानं कणाकणाला तार गुंडाळून ठेवलेली आहे! अडचणही तिथेच आहे. विहिरीत सोडलेल्या इलेक्ट्रोडपाशी, म्हणजे जमिनीत वीज सोडणाऱ्या धातूच्या टोकापाशी, प्रवाह सगळ्यात दाटलेला, म्हणून उष्णताही तिथेच सगळ्यात जास्त. तिथलं पाणी उकळून वाफ झालं की वाट तुटली, पुढची वाळू गारच राहिली. म्हणून इलेक्ट्रोडमधून सतत पाणी सोडत राहावं लागतं. जमीन तापवायची आणि तापवणाऱ्यालाच गार व ओलं ठेवायचं, आमचा सगळा जीव त्यात गुंतलेला असतो.

जमिनीत वाफ सोडून तेल पातळ करायची पद्धत रुळलेली असताना हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. साधारण ७५ मीटरपर्यंतचं तेल खणून काढतात. वाफेला मात्र वर भक्कम, न गळणारा थर आणि पुरेशी खोली हवी. २००६ साली अल्बर्टातच जोस्लिन इथल्या उथळ साठ्यात दाबानं सोडलेली वाफ जमीन फोडून वर आली. खणायला खोल आणि वाफेला उथळ, अशा मधल्या पट्ट्यात बरंच तेल अडकून आहे. विजेला एवढा दाब लागत नाही. म्हणून तिथे ती हवी, असं माझं ठाम मत आहे. जिथे वाफ सुरळीत चालते तिथे विजेचा आग्रह मी धरणार नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक खरी टोचणी आहे, ती मी टाळत नाही. वीज येते कुठून? अल्बर्टात कोळशावरची वीज २०२४ मध्ये बंद झाली, आता बरीचशी गॅसवर होते. गॅस जाळून वीज करताना निम्म्याच्या आसपास उष्णता वाटेतच जाते. म्हणजे ते शंभर युनिट म्हणजे खरं तर दोनशे, आणि धूर वेगळाच. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचं तेल बंद झाल्यावर स्वीडननं क्वार्नटॉर्प इथे फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रॉम यांच्या पद्धतीनं, तेलाच्या शेल खडकात विजेचे हीटर उतरवून तेल काढलं होतं. त्यांच्याकडे धबधब्यांची वीज होती.

म्हणून नव्या साठ्याचा आराखडा समोर आला की खडकाचा नकाशा उघडायच्या आधी मी एकच विचारते: तार कुठल्या वीजघरातून येणार आहे?