सिटी व्हीटेक: हलकी क्रँक पुली लावली आणि ७०० किलोमीटरनंतर उतरवली

मंडळी, अ‍ॅल्युमिनियमची अंडरड्राइव्ह पुली एकदाची बसवून, चालवून झाली. ही क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरची बेल्ट फिरवणारी पुली, मूळपेक्षा हलकी आणि लहान. गाडी तीच, १.५ व्हीटेक इंजिनाची जुनी होंडा सिटी.

सगळा वेळ खाल्ला तो क्रँकच्या बोल्टने. बोल्टला पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती इथे करू नका. होंडाची ही इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणजे स्टार्टरने बोल्ट आणखीच आवळला जातो. शेवटी पुलीच्या षटकोनी खाचेत होल्डर बसवला, १७ च्या सॉकेटला लांब पाइप लावला आणि दोघांनी जोर केला, तेव्हा तो कडकन सुटला.

काट्यावर जुनी पुली सव्वादोन किलो भरली, नवी साडेआठशे ग्रॅम. पहिल्याच दिवशी फरक कळला. न्यूट्रलमध्ये रेस दिली की आरपीएमचा काटा पटकन चढतो, पाय काढला की तितकाच पटकन उतरतो. डाउनशिफ्टला, म्हणजे खालच्या गिअरमध्ये येताना, इंजिनाचे रेव्ह (फिरण्याचा वेग) जुळवणं फार सोपं झालं. हा आनंद खरा आहे, तो मी नाकारणार नाही.

मग गणित मांडलं. वाचलेलं १.४ किलो वजन मध्यापासून सरासरी ५ सेंटिमीटरवर धरलं, पहिल्या गिअरचा एकूण रेशो १४ (चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या १४ फेऱ्या) आणि चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. रेशोचा वर्ग होत असल्यामुळे पहिल्या गिअरमध्ये गाडी पावणेनऊ किलोने हलकी झाल्यासारखी पळते. म्हणजे टाकीत १२ लिटर पेट्रोल कमी असावं, तेवढा फायदा. पाचव्यात तो अर्धा किलोही उरत नाही, आणि एका वेगाने हायवेवर चालताना शून्य. तिथे थोडंफार वाचतं ते अंडरड्राइव्हमुळे, कारण एसी, पॉवर स्टिअरिंग आणि अल्टरनेटर हळू फिरतात.

पण तेच पावसात नडलं. पुली १५ टक्के लहान, त्यामुळे ७५० आरपीएमच्या आयडलला (पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना) अल्टरनेटर ६४० वर असल्यासारखा फिरतो. सिग्नलला हेडलाइट, वायपर, एसी सगळं चालू असताना मल्टीमीटर १२.७ व्होल्ट दाखवत होता, आधी १३.८ असायचे. एसीही उभ्या गाडीत कमी थंड करू लागला. पाण्याचा पंप या पुलीवर नाही, आतल्या टायमिंग बेल्टवर असल्यामुळे इंजिनाच्या कूलिंगला धक्का लागला नाही, हे या इंजिनाचं नशीब. ज्यांचा पंप बाहेरच्या बेल्टवर आहे त्यांनी आधी याचा विचार करा.

तरीही पुली उतरवली ती वेगळ्याच कारणाने. मूळ पुली हातात घेऊन नीट पाहा: मधला हब, भोवती रबराची कडी, बाहेर लोखंडी रिंग. प्रत्येक सिलिंडर फायर होताना क्रँकला किंचित पीळ बसतो, लगेच तो सुटतो. ठराविक आरपीएमला हे पीळ एकमेकांत मिसळून वाढत जातात, आणि रबरावरची ती जड रिंग त्यांना मारते. पुली बदलल्यावर काहींना वाटतं, इंजिन थरथरलं नाही म्हणजे सगळं ठीक. ही थरथर सीटवर येतच नाही. ती क्रँकमध्येच राहते, आणि आपल्या इंजिनाचा ऑइल पंप क्रँकच्याच टोकावर बसलेला आहे, म्हणजे ती त्यालाही बसते. फायदा पायाला कळतो, नुकसान कशालाच कळत नाही, हे मला पटलं नाही. माझी गाडी ७००० आरपीएमपर्यंत रोज जाते.

जुन्या पुलीच्या रबराला नखाएवढ्या भेगा होत्या, म्हणून तीही परत लावली नाही. नवीन ओरिजिनल आणली, बेल्टही मूळ मापाचे घातले. हबपासून रिंगपर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारली आहे. रबर सरकलं तर रेघ तुटलेली दिसेल. ३०० किलोमीटर झाले, रेघ अजून सरळ आहे. तुमची गाडी वीस वर्षांची असेल तर आज बॉनेट उघडून रबर तेवढं बघाच.

रेव्हचा तो चटपटीतपणा मात्र मला हवाच आहे. पुढच्या महिन्यात क्लचसाठी गिअरबॉक्स उतरणार आहे, तेव्हा फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) काट्यावर ठेवतो, वजन तिथे कमी करता येतं का बघायला.