रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते

मंगळवार, रात्री

ट्रेकची सॅक घेऊन आले. टॅग अजून काढलेला नाही. वस्तू चांगली आहे, ५५ लिटरची, रिकामी १.७ किलो, पाठीची लांबी कमी-जास्त करता येते. तरी मन लागत नाहीये. कारण एवढंच, की दुकानात सॅकमध्ये घालायला वजन नव्हतं. भरलेली दिसावी म्हणून आत कागदाचे बोळे कोंबलेले. वजन मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सगळे अशीच घालून बघतात." खरंही होतं ते. शेजारी दोघांनी आरशात बघितलं, रंग ठरवला आणि बिलाच्या रांगेत गेले.

मला हे का लागलं, ते संध्याकाळपासून शोधते आहे.

रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. आत आठ-दहा किलो टाकून वीस मिनिटं चालल्याशिवाय ती आपली आहे की नाही ते कळत नाही. आधी सगळे पट्टे सैल करायचे. मग कमरेचा पट्टा, तो कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे, पोटावर नाही. तो आवळून झाल्यावर खांद्याचे. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, साधारण ४५ अंशांत राहतील इतपत. छातीचा सगळ्यात शेवटी, श्वास अडणार नाही असा. खांद्यांपासून सुरुवात केली की वजन तिथेच अडकतं आणि तासाभरात बोटांना मुंग्या येतात. लांब पाठीच्या माणसाला आखूड सॅक दिली तर कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो. उलट झालं तर खांद्यामागे पोकळी राहते आणि सॅक सतत मागे ओढते. उंचीवरून यातलं काही कळत नाही, एकाच उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या असतात. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या पातळीपर्यंत टेप धरायचा. हे माप आपलं आपल्याला घेता येत नाही. दुसरं माणूस लागतं.

बहुतेक तिथेच अडलं सगळं. दादा असता तर. जाऊ दे.

पूर्वी ट्रेकच्या ग्रुपकडून भाड्याने मिळणाऱ्या सॅकना कुबट वास यायचा, चेन अडकायच्या, पण देणारं माणूस पाठीमागे उभं राहून पट्टे ओढून द्यायचं. आता दुकानात भिंतभर सॅक टांगलेल्या आणि पट्टा ओढून द्यायला कुणी नाही. आज तिथे उभी असताना फार एकटं वाटलं.

डिसेंबरात राजगड–तोरणा–रायगड असा तीन दिवसांचा ट्रेक. हिशोब पुन्हा मांडला: सॅक १.७, स्लीपिंग बॅग १.१, मॅट ०.४, तंबूचा माझा वाटा १.२, कपडे दीड, स्टोव्ह-भांडं-टॉर्च-औषधं १.१. झाले सात किलो. तीन दिवसांचा शिधा दोन किलो, पाणी तीन लिटर. एकूण बारा. पाणी कमी करून चालणार नाही, डोंगराच्या धारेवर भरवशाचं पाणी नसतं. त्यामुळे कमी करायचं ते या सातातूनच. ७० लिटरची सॅक म्हणून नको, जागा दिसली की माणूस भरतोच. मॅट बाहेर आडवी बांधायची नाही, कारवीच्या झुडपांत अडकून फाटते. स्लीपिंग बॅग तळाला, शिधा आणि पाणी पाठीला चिकटून, म्हणजे बोराट्याच्या नाळेत, म्हणजे त्या दगडी घळीत, उतरताना सॅक बाहेर झोकांड्या देणार नाही. आणि हे सगळं कागदाच्या बोळ्यांवर ठरवायचं?

स्लीपिंग बॅगच्या टॅगवर तीन तापमानं असतात, त्यातलं फक्त 'कम्फर्ट' धरायचं. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव वाचण्यापुरतं, झोप लागण्यासाठी नाही.

बुटांच्या खोक्यावर महिना-वर्ष बघून घेतलं. सोलमधला पॉलियुरेथेन फोमचा थर दमट हवेत आतून भुगा होत जातो, बूट न वापरता ठेवले तरी. वरून नवाकोरा दिसणारा बूट गडावर सोल सोडतो तो यामुळेच. सवलतीत मिळणारा जुना माल म्हणून घेऊ नये. बूट घ्यायला संध्याकाळीच जायचं, पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. ती नसेल तर उतारावर नखं काळी पडतात.

जेवणानंतर शेजारच्या काकूंना टेप धरायला बोलावलं. आयुष्यभर ब्लाउजची मापं घेतलेल्या बाईला मणका दाखवावा लागला नाही. ४३ सेंटिमीटर. सॅकची पाठ दोन खाचा खाली घेतली. मग तांदूळ पाच किलो, तूरडाळ दोन, साखर दोन, पाण्याची लिटरची बाटली, सगळं टॉवेलात गुंडाळून पाठीच्या बाजूला. तासभर जिने चढले-उतरले. कमर नीट धरते आहे. डावा खांदा थोडा बोलतो, तिथला छोटा पट्टा अर्धा इंच सैल करून बघायला हवा. टॅग शाबूत आहे, बदलून घ्यायची मुदतही आहे.

आता वाटतं, त्या मुलाचं काय चुकलं? त्याला लिटर विकायला शिकवलंय, पाठ बघायला कुणी शिकवलेलंच नाही. आणि मापं घेणारं माणूस भिंतीपलीकडेच होतं, मीच दुकानात शोधत राहिले, असंही नाही. दोन्हीकडे हवं ते. काकू जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवून देणार आहेत, दुहेरी शिवणीच्या. चार-चार किलो वाळू भरून दुकानात नेऊन देईन. ठेवतील की नाही, माहीत नाही.

धाकटी म्हणते, तिलाही हीच सॅक हवी, हाच रंग. रविवारी तिची पाठ मोजायची आहे.