वाळवीसाठी घर सोडताना

खिडकीच्या चौकटीखाली खसखशीएवढे दाणे सांडलेले दिसले की कॅलिफोर्नियात लोक आधी तपासणीसाला फोन करतात, केर नंतर काढतात. आपल्याकडची वाळवी निदान भिंतीवर मातीची रेघ ओढून वर्दी तरी देते. इथली ही कोरड्या लाकडातली वाळवी मातीला शिवतही नाही. लाकडातच राहते, आतून पोखरते आणि आपली सहा पैलूंची विष्ठा बारीक भोकातून बाहेर ढकलते. घरं सगळी लाकडी सांगाड्याची, त्यामुळे तिची चंगळ.

आमचं टाउनहाऊस, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. म्हणजे निर्णय असोसिएशनचा. मीटिंगला गेले तर हुबेहूब आपली सोसायटी, फक्त पाण्याच्या टाकीऐवजी विषय वाळवीचा. कोपऱ्यातल्या घरातल्या आजोबांना संत्र्याच्या तेलाचं इंजेक्शन हवं होतं. नैसर्गिक आहे, घर सोडायला नको. ते तेल जिथे पोचतं तिथली वाळवी मरते हे खरं, पण भिंतीच्या आत ती कुठे कुठे आहे हे कळल्याशिवाय सुई टोचायची कुठे? दुसरा पर्याय उष्णतेचा. घरात गरम हवा सोडून लाकडाच्या गाभ्यापर्यंत साधारण ५० अंश सेल्सिअस नेतात आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ तसंच ठेवतात. रसायन नाही. पण काँक्रीटला टेकलेलं लाकूड लवकर तापत नाही, आणि नेमकी तिथली वाळवी वाचू शकते. तिसरा तंबू. अख्ख्या इमारतीवर ताडपत्र्या चढवून आत सल्फ्युरिल फ्लोराइड वायू सोडायचा. तंबूला बहुमत मिळालं. माझंही मत त्यालाच होतं.

दोन-तीन दिवस बाहेर राहायचं, मान्य. कुंड्या बाहेर, मान्य. खटकलं ते स्वयंपाकघर. नियम असा की कारखान्याचं हवाबंद सील शाबूत असलेल्या बरण्या-बाटल्या आत राहिल्या तरी चालतील. बाकी खायची प्रत्येक वस्तू खास नायलॉनच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्हींची तोंडं वेगवेगळी पिळून बंद. नाहीतर घराबाहेर न्या. फ्रिजमधलंसुद्धा, औषधंसुद्धा. आता माझ्याकडे कसलं आलंय सील? गोडा मसाला सासूबाईंनी दिलेला, मेतकूट आईचं, लोणचं बरणीत, कुरडया बिस्किटांच्या जुन्या डब्यात, डाळी स्टीलच्या डब्यांत. शेजारणीचं सगळं अर्ध्या तासात उरकलं. माझ्या पिशव्या संपल्या म्हणून आणखी मागितल्या, तर फोनवरच्या माणसाने विचारलं, "तुमचं रेस्टॉरंट आहे का?" हो म्हणावंसं वाटलं. एका घरात इतक्या तऱ्हेच्या डाळी लागतात हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार! पण नियम लिहिणाऱ्यांनी तरी एखादं भरलेलं स्वयंपाकघर बघायला हवं होतं की नाही?

बाकी काम चोख, हे कबूल करायला हवं. वायूला ना रंग ना वास, म्हणून आधी डोळे झोंबवणारं क्लोरोपिक्रिन सोडतात. दारांना त्यांची कुलुपं लागतात, आपली किल्ली असून नसल्यासारखी. शेवटी परवानाधारक माणूस आतली हवा मोजतो. वायूचं प्रमाण दशलक्षात एक भाग किंवा त्याहून कमी भरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आईने फोनवर बजावलं, "सगळी भांडी घासून घे गं." गरज नव्हती, हा वायू मागे काही ठेवत नाही. तरी घासली.

मागे काही न ठेवणं हाच त्याचा दोषही आहे. पुढच्या हंगामात पंखवाली नवी जोडी आली तर तिला अडवायला काहीच नाही. आपला पेस्ट कंट्रोलवाला भिंतीच्या कडेने भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड नाहीतर क्लोरपायरिफॉस ओततो, ते मातीत बराच काळ टिकतं. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला तेच लागू पडतं. इथेही तिच्यासाठी मातीतच औषध घालतात, तंबूने जमिनीतलं वारूळ मरत नाही. तेव्हा आपली पद्धत मागासलेली वगैरे मी कोणाला म्हणू देत नाही. उलट सल्फ्युरिल फ्लोराइड हा जबर हरितगृह वायू, वजनाला वजन घेतलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट, आणि अमेरिकेतलं त्याचं बहुतेक उत्सर्जन एकट्या कॅलिफोर्नियातून होतं. कचऱ्याचे वेगवेगळे डबे करायला लावणारं राज्य ते हेच! आता सामाईक भिंत असताना मी एकटीने विरोध करून काय होणार होतं?

एका नियमावर मात्र मी फिदा आहे. तपासणी झाली की कंपनीला तो पत्ता राज्याच्या मंडळाला कळवावा लागतो, आणि गेल्या दोन वर्षांतल्या कुठल्याही घराच्या अहवालाची प्रत कोणीही मागवू शकतं. घर विकत घेणारा असो की नुसता चौकस माणूस. पुण्यात फ्लॅट बघताना आम्ही भिंतीतलं कपाट उघडून दाखवा म्हटलं, तर मालक रुसून बसले होते. मी आमच्या इमारतीचा अहवाल मागवला. मागच्या इमारतीचाही मागवला.