कार्तिकीची दिंडी आणि साडेतीन किलोंची सॅक

कोकणात पायी चालायचं तर पाठीवरचं ओझं नुसतं ग्रॅममध्ये मोजून भागत नाही. संध्याकाळी धुतलेली वस्तू पहाटेच्या काकड्यापर्यंत वाळते का, हे आधी बघायचं. समुद्राकडून रात्रभर दमट वारा येतो, कार्तिकात वर दंव पडतं, आणि दोरीवरची जीन्स सकाळी आदल्या रात्रीपेक्षा जड झालेली असते. सह्याद्रीच्या माथ्यावर उत्तम ठरलेलं सामान किनाऱ्यावर फजिती करतं ते यामुळेच.

आमची दिंडी लहान. गुहागरहून निघायचं, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठायचं, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगड. मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा किनारा आणि शेवटी रत्नागिरीचं विठ्ठल मंदिर. त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात आणि कार्तिकी एकादशीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. भातकापणी उरकता उरकता घाट चढून थेट पंढरपूर गाठणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून हा जवळचा विठोबा. शिधा आणि पातेली तीनचाकी टेम्पोतून पुढे जातात. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याच्या खांद्यावर.

हलकं सामान बाळगणाऱ्या ट्रेकर मंडळींचा एक हिशेब असतो. खाणं-पाणी वगळून उरलेल्या सगळ्या सामानाला ते बेस वेट म्हणतात. ते दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत बसलं की तुम्ही ‘अल्ट्रालाइट’. माझं वाण्याच्या काट्यावर साडेतीन किलो भरलं. यात माझा पराक्रम फारसा नाही. तंबू नको, स्टोव्ह नको, कारण मुक्काम देवळात आणि जेवण पंगतीत. स्लीपिंग बॅगही नको. आईच्या जुन्या सुती साडीला दोन बाजूंनी शिवण मारली की झोपायची पिशवी तयार होते. ती एकेरी कापडाची असल्यामुळे वाऱ्यावर लवकर सुकते आणि डासांनाही थोडाफार अडसर होतो.

सॅक मात्र निवडून घेतलेली आहे. तोंड गुंडाळून बंद करायची, चेन नसलेली. खाऱ्या हवेत चेनचा खटका गंजतो, त्यात वाळू शिरते आणि नेमका देवळाच्या पायरीवर तो हलायचं नाव घेत नाही. सगळ्यात महागड्या हलक्या सॅक ज्या कापडाच्या करतात, ते मुळात शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी तयार झालं होतं. फेरीबोटीवर हे सांगितल्यावर एक खलाशी सॅकला हात लावून म्हणाला, “म्हंजे आमचंच की!” माझी काही त्या कापडाची नाही, साध्या नायलॉनची आहे. आत कचऱ्याची जाड काळी पिशवी घालतो. अवकाळी सर आली तर सॅक भिजली तरी चालते, साडी भिजता कामा नये.

पायांबद्दल माझं मत ठाम आहे. वारीला सँडल. वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. शिवाय वारीत दिवसातून कितीदा चप्पल काढावी लागते, याचा विचार बूट विकणाऱ्याने केलेला नसतो. वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, वाटेवरची ग्रामदेवी, कुणाच्या तरी अंगणातलं तुळशीवृंदावन. प्रत्येक ठिकाणी नाड्या सोडत बसलात तर दिंडी पुढच्या वळणावर गेलेली असते. सँडल बकलची घ्यावी, वेल्क्रोची नको. वेल्क्रोत वाळू भरली की त्याची पकड संपली.

सँडलमधली पावलं अंधारात उघडी पडतात, त्यामुळे डोक्याला लावायच्या टॉर्चवर वजन वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं भरपूर. फूट-दीड फूट लांबीचं, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं, रात्री हिंडणारं आणि जहाल विषारी. काकड्याला उठून विहिरीवर जायच्या वाटेवर ते कुठेही वेटोळं करून पडलेलं असू शकतं. टॉर्च चांगली घ्या, सेल जादा घ्या.

ट्रेकिंग पोल घरी ठेवले. हातात टाळ असतात, काठी धरायची कशाने? टाळांची जोडी मात्र माझ्या चटईपेक्षा जड आहे. ती बेस वेटात धरायची का, असं मी बुवांना विचारलं. त्यांनी उत्तर न देता माझ्या हातात मृदंगाची पिशवी दिली.

आता पंचा. परदेशी यादीत मायक्रोफायबरचा टॉवेल असतो. किनाऱ्यावर दोन दिवसांत त्याला असा कुबट वास येतो की जेवताना शेजारी कोणी बसत नाही. विरळ विणीचा पंचा पिळला, खांद्यावर टाकला, की चालता चालता वाळतो. तोच दुपारी डोक्यावर, पट्टा काचायला लागला की खांद्याखाली, आणि विहिरीवर कपडे बदलताना कमरेला.

पायाच्या फोडांना आणि मांड्यांच्या काचण्याला कोकमतेल. रतांब्याच्या बियांमधून निघणारं हे तेल साध्या हवेत घट्ट गोळाच असतं, ते वितळायला अडतीस-चाळीस अंशांपर्यंतची ऊब लागते. म्हणून ते सॅकमध्ये सांडत नाही आणि तळव्यावर चोळलं की मऊ होतं. औषधाच्या दुकानातल्या मलमांपेक्षा मला हेच लागू पडतं. रात्री मुक्कामाला पोचलं की पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून टाचांना चोळायचं. ओल्या पायाला चोळलं तर नुसता चिकटा होतो.

तवसाळला बोटीची वाट बघताना दिंडीतल्या एका काकींना मी एमा गेटवूड यांची गोष्ट सांगितली. ही अमेरिकेतली बाई १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अ‍ॅपलाचियन वाट एकटी चालली. पाठीवर सॅक नाही, स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी खांद्याला. पायात कॅनव्हासचे बूट, पावसाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. घरी सांगताना, जरा चालून येते, एवढंच म्हणाली होती.

“आणि पोरांनी जाऊ दिलं?” काकींनी विचारलं.

“मुलं मोठी झाली होती, काकी.”

“मोठी पोरंच अडवतात रे. ल्हान असतात ती संगती येतात.”

काकींची पिशवीही खांद्यालाच होती, आणि माझ्या सॅकपेक्षा हलकी. दोन लुगडी, हरिपाठ तोंडपाठ असल्यामुळे पोथी नाही, बुक्क्याची डबी, औषधाच्या गोळ्या. पण देवळाच्या फरशीवर बसून त्यांचे गुडघे धरत, आणि माझ्या घडीच्या फोमच्या चटईवर त्यांचा डोळा होता. ही चटई पाणी पीत नाही, झटकली की कोरडी. हवा भरायच्या गादीसारखी ती फुटत नाही की कुशीवर वळताना चरचर आवाज करत नाही. हलकं सामानवाले तिच्या घड्या कापून निम्मीच नेतात. पाय सॅकवर टेकले की खांद्यापासून कमरेपर्यंत तेवढी पुरते. मालगुंडच्या मुक्कामात सुरी मागून घेतली आणि तीन घड्या कापून काकींना दिल्या.

फुकट घेतील त्या काकी कसल्या! गणपतीपुळ्याच्या पुढे त्यांच्या माहेरचं गाव लागलं. तिथून त्यांनी कोकमाच्या आगळाची लिटरची बाटली आणवली आणि आरे-वारेचा चढ सुरू व्हायच्या जरा आधी माझ्या सॅकमध्ये कोंबली. मी किलोचा हिशेब सांगून बघितला. बुवा मागून म्हणाले, “आगळ खाण्यात मोडतं, बेस वेटात नाय. चल.”