स्फोटात फुटलेला डोळा आणि नवं बुबुळ : माझा अनुभव

काश्मीरमध्ये गस्तीवर असताना आयईडी फुटला आणि माझ्या उजव्या डोळ्यात माती, खडी आणि लोखंडाची एक कपची घुसली. लष्करी रुग्णालयात पहिल्या ऑपरेशनमध्ये फाटलेला डोळा फक्त शिवला. त्यात जंतू शिरले तर डोळा जातो, आणि अशा जखमेमुळे क्वचित दुसऱ्या धडधाकट डोळ्यालाही सूज येऊन तोही धोक्यात येतो. दृष्टीचं नंतर बघू, असं सर्जनसाहेब म्हणाले. पुढच्या ऑपरेशनमध्ये कपची निघाली, डोळ्यामागचा पडदाही सांभाळला गेला, पण बुबुळ, म्हणजे डोळ्यापुढची पारदर्शक काच (कॉर्निया), पांढरं पडलं. समोर हात हलवला तर सावली तेवढी कळायची.

सुट्टीवर अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो की माय रोज विचारायची, "आते तरी दिखस का रे, भाऊ?" बुबुळ बदलता येतं हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, मग थांबलेत कशाला, हा तिचा प्रश्न. माझाही तोच होता.

साहेबांनी नीट समजावलं. निरोगी बुबुळात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा परक्या बुबुळाकडे सहसा फिरकत नाही, आणि बहुतेक वेळा रक्तगटही जुळवावा लागत नाही. 1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, तेव्हा आजची औषधं नव्हती, तरी ते टिकलं. पण स्फोटात जखमी झालेल्या डोळ्यात रक्तवाहिन्या बुबुळात शिरतात, सूज रेंगाळते, आतला दाब वाढतो. शरीर नवं बुबुळ नाकारतं ते याच वाटेनं. बुबुळाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा वाढत नाहीत, आणि वाढलेला दाब त्यांनाच मारतो. म्हणून सूज पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं. सगळ्या उपचारात मला तेच जड गेलं.

ऑपरेशन पुण्यात झालं. डागाळलेला मधला गोल भाग काढून तिथं दात्याच्या बुबुळाची चकती बसवली, केसापेक्षा बारीक नायलॉनच्या धाग्याचे सोळा टाके घातले. दाता कोण ते सांगत नाहीत. पट्टी निघाली तेव्हा सगळं धूसर, तिरपं दिसलं. टाके सारखे ओढत नाहीत म्हणून असं होतं. ते वर्षभरात एकेक करून काढतात, मग कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून नजर बरीच सरळ होते.

माझी खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. खानदेशचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, धूळ, वेचणीच्या दिवसांत कापसाचं तूस. स्टेरॉइडचे थेंब ठरल्या वेळी, झोपताना डोळ्यावर कवच, बाहेर गॉगल, डोळा चोळणं बंद. नानांनी मला वेचणीला जाऊच दिलं नाही.

एका सकाळी डोळा लाल झाला, उजेड टोचू लागला, भिंतीवरचं कॅलेंडर धुरकट दिसायला लागलं. दुखत मात्र नव्हतं. शेजारची मंडळी म्हणाली, डोळे आलेत, गुलाबपाणी टाक. मी त्याच दिवशी जळगावला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्रावर बघताच ते म्हणाले, शरीर बुबुळ नाकारतंय. दर तासाला स्टेरॉइडचे थेंब सुरू झाले, पुण्याशी फोनवर बोलणं झालं आणि बुबुळ पुन्हा स्वच्छ झालं. चार दिवस घरगुती उपाय करत बसलो असतो तर त्या आतल्या पेशी परत मिळाल्या नसत्या. बुबुळ बसवलेल्या प्रत्येकानं लाली, उजेडाचा त्रास, कमी दिसणं किंवा दुखणं, यांतलं एक जरी जाणवलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्टेरॉइडनं माझ्या डोळ्यातला दाब वाढला, म्हणून आता त्याचेही थेंब चालू आहेत.

हे बुबुळ निकामी झालं तर दुसरं बसवता येतं, पण दर खेपेला टिकण्याची आशा कमी होते. शिवाय कुठल्या तरी घराला ऐन दुःखात पुन्हा नेत्रदानाचा निर्णय घ्यावा लागेल. म्हणून गावात कुणी गेलं की मी त्या घरी जाऊन सांगतो : लगेच नेत्रपेढीला फोन करा, सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. म्हातारपण, चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही, आणि नेत्रपेढीची माणसं घरीच येतात.