लाल तारा आणि पत्र्यातून परतणारा करंट : वडिलांच्या फियाटचे वायरिंग

माझ्या वडिलांची फियाट ११०० डी १९६८ सालची आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली आणि पुढे १९७० च्या दशकात आधी प्रेसिडेंट व नंतर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली हीच ती गाडी. तिच्या आधीच्या ‘डुक्कर फियाट’शी कोणी तिची गल्लत केलेली वडिलांना खपत नसे. ते गेल्यावर गाडी सांगलीहून पुण्याला माझ्याकडे आली, मी तिचे पत्राकाम आणि रंगकाम करून घेतले आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यापासून तिने मला छळायला सुरुवात केली.

सेल्फ मारला की इंजिन जड फिरे, हेडलाइट पिवळट लागत, डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्या तालावर मिणमिणे आणि गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी पार उतरलेली असे. दीड वर्षात मी दोन बॅटऱ्या बदलल्या, सेल्फ उघडून त्याचे ब्रश नवे घातले आणि प्रत्येक वेळी आठवडाभर समाधान मानले. मी बँकेत नोकरी करते. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध बारावीनंतर उरला नव्हता. तरीही तिसरी बॅटरी घेण्याआधी हे वायरिंग एकदा स्वतः समजून घ्यायचे असे मी ठरवले.

पहिली अडचण अशी की गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेल्या आकृतीत प्रत्येक तारेला रंग होता, आणि गाडीत मात्र रंगकामाच्या वेळी बदललेल्या जवळजवळ सगळ्या तारा लाल होत्या. ज्या गॅरेजने हे केले त्यांच्याकडे त्या दिवशी लाल तारेचेच भेंडोळे असावे. त्यामुळे छापील आकृती बाजूला ठेवून मी माझी आकृती काढायला बसले. कालनिर्णयाच्या पानांची पाठ छापील असते, म्हणून बँकेतल्या रद्दीतले पाठकोरे कागद घेतले आणि एका कागदावर एकच जोडणी काढायची असा नियम केला: हॉर्न एका कागदावर, वायपर दुसऱ्यावर, ब्रेकचा दिवा तिसऱ्यावर. बॅटरीपासून निघायचे, स्विचपर्यंत जायचे, तिथून दिव्यापर्यंत पोहोचायचे आणि तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टीवर एकच आकडा लिहायचा. तीन रविवार यात गेले. मोटारीच्या वायरिंगचा जो गुंता दिसतो तो बव्हंशी एकाच वेळी पाहिल्यामुळे दिसतो. एकेक जोडणी सुटी केली की प्रत्येकीत चार-पाच वस्तूंपेक्षा अधिक काही नसते.

डायनॅमोच्या कागदाने मात्र मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले. आजच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो. या गाडीत इंजिनवर फिरून वीज तयार करणारा व बॅटरी भरणारा डायनॅमो आहे, आणि त्याच्या शेजारच्या काळ्या डबीत त्याचा दाब (व्होल्टेज) आवरणारा रेग्युलेटर व त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट असे दोन भाग आहेत. इंजिन मंद चालत असताना डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी असतो, आणि त्या वेळी दोघे जोडलेले राहिले तर बॅटरीच उलट डायनॅमोला मोटरसारखी फिरवू पाहील. तसे होऊ नये म्हणून कटआउटचे पॉइंट उघडे राहतात, आणि डायनॅमोचा दाब सुमारे १३ व्होल्टपर्यंत चढला की ‘टक्’ असा बारीक आवाज करून ते मिटतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही या दोघांच्या मध्येच बसवलेला आहे. त्याचे एक टोक बॅटरीकडे आणि दुसरे डायनॅमोकडे, त्यामुळे दोन्हीकडचा दाब सारखा झाला की त्यातून जायला करंट उरत नाही व तो विझतो. सिग्नलला थांबल्यावर हा दिवा लुकलुकला की मी इतकी वर्षे घाबरत असे; तो डायनॅमोचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

इतके समजूनही मूळ दुखणे मात्र हाती लागत नव्हते. मल्टिमीटरवर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली होती, आणि सेल्फपर्यंत जाणारी जाड तार स्वच्छ होती. आमच्या भागात रिक्षा आणि टेम्पोंचे वायरिंग करणारे एक वयस्कर इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना एका सकाळी घरी बोलावले. त्यांनी माझे कागद चष्मा कपाळावर चढवून पाहिले, कौतुकही केले आणि म्हणाले, “ताई, जाणाऱ्या तारा सगळ्या काढल्यात तुम्ही. येणारी कुठाय?”

मोटारीत करंट परत जायला वेगळी तार नसते, तो गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो; यालाच अर्थिंग म्हणतात. मी प्रत्येक दिव्याच्या खाली अर्थिंगची तीन आडव्या रेघांची खूण काढून विषय संपवला होता. काकांनी मला डॅशबोर्डवरच्या चोकच्या (थंड इंजिन चालू करताना ओढायच्या) बटणावर बोट ठेवायला सांगितले, ठिणगी देणाऱ्या कॉइलवरची बारीक तार काढून इंजिन चालू होणार नाही अशी व्यवस्था केली आणि दहा-बारा सेकंद सेल्फ मारला. बटण कोमट झाले. दुसऱ्यांदा मारल्यावर ते बोटाला चांगलेच जाणवण्याइतके तापले आणि बॉनेटखाली चोकच्या केबलच्या आवरणाला जळका वास येऊ लागला.

इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. त्यामुळे सेल्फने ओढलेला शेकडो अँपियरच्या घरातला करंट परत बॅटरीकडे जाण्यासाठी इंजिनपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या जाळीची एक रुंद पट्टी दिलेली असते. माझ्या गाडीत ती पट्टी होती, नटही घट्ट होता, पण तिच्या लगखाली (नटाने आवळायच्या टोकाखाली) रंगकामाच्या वेळचा प्रायमर आणि रंग यांचा जाड थर होता. वाट बंद झालेला करंट मग मिळेल त्या धातूतून, म्हणजे चोकच्या बारीक केबलमधून, घरी परतत होता. काकांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर टेकवून मला पुन्हा सेल्फ मारायला लावला: २.३ व्होल्ट. ही दोन टोके विजेच्या दृष्टीने एकच असायला हवीत. लग सोडून, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून, पट्टी परत बसवून थोडी व्हॅसलीन लावली आणि तेच माप पुन्हा घेतले तेव्हा ०.२ आले. सेल्फचा आवाजच बदलला.

बाकीचे मी एकटीने केले. हेडलाइटच्या टोकांवर १०.६ व्होल्ट पोहोचत होते, तर बॅटरीवर १२.३ होते. बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात नव्हे तर त्याहून पुष्कळ वेगाने घटतो, १० टक्के दाब गेला की जवळजवळ ३० टक्के उजेड जातो, त्यामुळे तो पिवळेपणा म्हणजे बल्बचे म्हातारपण नव्हते. मागच्या डाव्या दिव्याच्या घरालाही रंगामुळे अर्थिंग मिळत नव्हते, म्हणून इंडिकेटरचा करंट शेजारच्या लाल दिव्याच्या तारेतून उलट शिरून वाट काढत होता. दोन्हीकडे औषध तेच: पाना, पॉलिश पेपर आणि धीर.

उभ्या गाडीत बॅटरी का उतरते, हे कोडे यात बसत नव्हते. सगळे स्विच बंद करून, दारे लावून, बॅटरीचा ऋण क्लॅम्प सोडला आणि क्लॅम्प व टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपियरच्या खाचेत लावला (या स्थितीत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो). मीटर ०.६ अँपियर दाखवत होता. दिवसाला १४ अँपियर-तासांहून अधिक. ४० अँपियर-तासांच्या बॅटरीचा निकाल तीन दिवसांत लागणारच. एकेक फ्यूज काढत गेले, आकडा ढिम्म हलला नाही. रेग्युलेटरच्या तारा सोडल्या, तरीही नाही. मग बॅटरीच्या धन टोकावरच एक जादा तार दिसली, अर्थात लाल, आणि तिचा माग काढत मी मागच्या सीटखाली पोहोचले. वडिलांनी कधीतरी बसवलेल्या कॅसेटप्लेयरचा बूस्टर, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, तिथे होता. प्लेयर केव्हाच निघाला होता, बूस्टर मात्र फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर इतकी वर्षे तापत बसला होता. तार सोडली तसा मीटर शून्यावर आला.

त्या बूस्टरशेजारी जुन्या नाट्यगीतांची एक कॅसेट सापडली, ती आईला दिली. गाडी आता पंधरवडाभर उभी राहिली तरी पहिल्या सेल्फला उठते. लाल तारांपैकी निम्म्या मी पुस्तकातल्या रंगांप्रमाणे बदलल्या आहेत; टपाच्या दिव्याची तेवढी लालच राहिली आहे, कारण ती काढायला छताचे कापड उसवावे लागेल आणि ते अजून वडिलांच्या वेळचे आहे.