पाचकंदीलचा वाटाड्या

"मामा, हळू चाल ना. ती माझ्या मागेच आहे!"

धुळ्यात पाचकंदील बाजाराच्या भर गर्दीत भाची थबकली. कानांवर हेडफोन. मी रेकॉर्ड केलेल्या गोष्टीतली म्हातारी पैंजण वाजवत तिच्या मागून येत होती. प्रत्यक्षात मागे होता केळीची लोटगाडी ढकलणारा. त्यानं कौतुकानं विचारलं, "काय आयकी राह्यनी व बाई?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला कुजबुजून म्हणाली, "हाच तो वाटाड्या."

गोष्टीत वाटाड्या नव्हताच. तो तिनं रस्त्यातून उचलला!

कॅनडाच्या कलाकार जॅनेट कार्डिफ १९९१ पासून असे ऑडिओ वॉक, म्हणजे हेडफोनवर गोष्ट ऐकत चालायचे फेरफटके, करत आल्या आहेत. दोन कानांच्या जागी दोन माईक ठेवून आवाज टिपायचा, मग ऐकणाऱ्याला पाऊल नेमकं मागून वाजल्यासारखं वाटतं. मुलांसाठी आवाज बेताचा हवा, हॉर्न ऐकू आलाच पाहिजे, आणि शेजारी मोठं माणूस हवंच.

आपल्याकडे मुलांचं नाटक म्हटलं की गॅदरिंगचं स्टेज आणि पाठ केलेली वाक्यं. इथं रोजचा बाजारच रंगमंच होतो, आणि मूल त्यातलं पात्र.

अहिराणीत गोष्टी सांगणारी आजी आहे का कुणाच्या घरी? माईक घेऊन मी येतो.